पहिलीच्या वर्गाबाहेरचे पालक

2019 च्या जून महिन्यात इयत्ता दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकावरून महाराष्ट्रात जो गदारोळ उठला, त्याचे स्मरण आज पुष्कळांस राहिले नसेल. एकवीस, बावीस, त्रेपन्न या रूढ संख्यानामांच्या जोडीला 'वीस एक', 'वीस दोन', 'पन्नास तीन' अशा वाचनाचा पाठ बालभारतीने त्या पुस्तकात घातला होता. आणि तो दृष्टीस पडताच मराठी भाषेवर जणू परचक्र आले, अशा आवेशाने वृत्तपत्रांतून वाद झडले, मोबाइलवरून थट्टेचे मजकूर घरोघर फिरले आणि विधानसभेतही त्याचे पडसाद उमटले. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांना आपली बाजू वारंवार मांडावी लागली. त्या वादात कोणाची सरशी झाली, याच्याशी मला येथे कर्तव्य नाही. मला खटकली ती निराळीच गोष्ट: ज्यांची मुले त्या वर्षी दुसरीच्या वर्गात बसणार होती, त्या आईबापांपैकी बहुतेकांच्या कानी हा बदल प्रथम गेला तो थट्टेच्या रूपाने, शाळेने त्यांना बोलावून तो समजावून सांगितला, असे क्वचितच घडले.

वस्तुतः त्या पाठामागचे कारण साधे होते आणि कोणाही दुकानदारास वा भाजीविक्रेतीस ते पाच मिनिटांत उमगले असते. 'त्रेपन्न' म्हणताना तीन आधी उच्चारले जातात व पन्नास मागून. लिहिताना मात्र पाच आधी येतो आणि तीन नंतर. सात वर्षांचे मूल कानांनी ऐकलेल्या क्रमाने हात चालविते आणि 35 लिहून मोकळे होते. 'एकोणपन्नास'ची गत तर याहून बिकट: कानावर पन्नास पडतात, परंतु कागदावर पाचाचा मागमूस नसतो, आणि जे चाळीस व नऊ लिहावयाचे, त्यांपैकी एकाचाही उल्लेख त्या शब्दात नाही. एकोणतीस, एकोणचाळीस करीत एकोणनव्वदपर्यंत पाळलेला हा शिरस्ता नव्व्याण्णवपाशी भाषा अकस्मात सोडून देते, तो का, हे मुलाने कोणास विचारावे? दहांची नावे आणि एक ते नऊ एवढे भांडवल हाती आले की कानडी किंवा तेलुगू मूल शंभरापर्यंत बहुतांशी आपले आपण जाऊ शकते. मराठी मुलास मात्र ती सारी वाट एकेक शब्द पाठ करीतच चालावी लागते. पूर्वी पंतोजींच्या शाळेत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, औटकीही घोकून घेत, आणि त्या पाठांतराचे गुणगान आजही घरोघरचे आजोबा करतात. परंतु त्या शाळेतून किती मुले मध्येच पळून गेली, याची हजेरी कोणी राखली नव्हती.

सांगावयाचे ते इतकेच की, 53 ऐवजी 35 लिहिणारे मूल मंदबुद्धी नसते, दुर्लक्षही करीत नसते; ते ऐकलेल्या शब्दाशी प्रामाणिक असते. ज्या बापाला हे ठाऊक आहे, तो दहा-दहा काड्यांच्या पाच जुड्या आणि तीन सुट्या काड्या मुलाच्या पुढ्यात मांडतो, 'आधी जुड्या लिही' एवढे सांगतो आणि गप्प बसतो. ज्याला ठाऊक नाही, तो कान पिळतो. दोघांच्या मायेत तिळमात्र अंतर नसते. पहिल्याला कोणीतरी सांगितलेले असते एवढेच.

वाचनाच्या बाबतीत हाच दुरावा अधिक खोल आहे. पालकांची अपेक्षा अशी की, दिवाळीपर्यंत मुलाने अ पासून ज्ञ पर्यंत सारी वर्णमाला म्हणून दाखवावी व त्यापुढे बाराखडी. पुष्कळ शाळांतून मात्र आता मोजकी अक्षरे व एखादे स्वरचिन्ह घेऊन त्यांचे शब्द लगोलग बनवावयास शिकवितात. क, म, न, र एवढी अक्षरे आणि काना हाती आला की 'काका', 'मामा', 'नाक', 'कान', 'कमान' हे शब्द मूल स्वतः लावते, आणि अक्षरातून अर्थ निघतो हा साक्षात्कार त्यास पहिल्या काही आठवड्यांतच होतो. ही रीत पालकांस न सांगितल्यामुळे घरी काय होते? ऑगस्टमध्ये मुलास 'ख' येत नाही असे आढळते, शाळेत काही शिकवीत नाहीत असा निकाल लागतो, आणि पहिलीतल्या त्या जिवाची रवानगी शिकवणीला होते, जेथे शाळेच्या अगदी उलट क्रमाने त्याची पुन्हा सुरुवात होते. अमेरिकेतून येऊन फलटण येथे स्थायिक झालेल्या आणि 1984 मध्ये प्रगत शिक्षण संस्था स्थापणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांच्यासारख्या भाषाविदुषीने मराठी मुलांना वाचावयास कसे शिकवावे या प्रश्नासाठी आयुष्यातील कित्येक वर्षे वेचली. तो प्रश्न पालकांस मात्र उपजतच सुटलेला असावा, असे आपण गृहीत धरून चालतो.

देवनागरी वाचून वाचून आपण इतके सरावलो आहो की तिच्यातील खाचखळगे आपणांस दिसेनासे झाले आहेत. पहिली वेलांटी काढावयाची अक्षराच्या आधी आणि उच्चारावयाची नंतर. रफार बसतो एका अक्षराच्या डोक्यावर आणि बोलला जातो त्याच्या अगोदर. असल्या लिपीत पहिल्या वर्षी मुलाने 'शाळा' हा शब्द 'शळा' असा लिहिला, तर ऐकलेल्या दोन्ही अक्षरांना त्याने चिन्ह शोधले ही केवढी मजल झाली! काना पुढे येईलच. तांबड्या शाईने ते पान रंगविण्याची घाई मात्र पुष्कळ घरांत शाळेहूनही अधिक असते.

कायदा या बाबतीत मुका नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा जो अधिनियम 2009 मध्ये संमत झाला व 1 एप्रिल 2010 पासून अंमलात आला, त्याच्या 24 व्या कलमात शिक्षकांची कर्तव्ये सांगितली आहेत. पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती त्यांस कळवीत जाणे, हे त्यांपैकी एक. शासकीय व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत, असेही तोच कायदा म्हणतो. व्यवहारात पालकसभेचा शिरस्ता असा: गणवेश, सहल आणि शुल्क यांविषयीच्या सूचना, गैरहजेरीबद्दल समज, प्रगतिपुस्तकावर सही, आणि चहा. मूल काय शिकले याचा दाखला मिळतो. ते कसे शिकते, यावर चकार शब्द नाही. शिक्षकांची बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. निवडणूक, जनगणना आणि नाना प्रकारची माहिती ऑनलाइन भरण्याचा तगादा यांतून ज्यास धड शिकविण्यास फुरसत नाही, त्याने पालकांचाही वर्ग घ्यावा असे म्हणणे म्हणजे ओझे वाढविणेच होय. परंतु जूनमध्ये घेतलेली तासाभराची सभा वर्षभराच्या तक्रारी कमी करील, हा हिशेब कोणाही मुख्याध्यापकाने करून पाहावा.

न सांगण्याचे दुष्परिणाम गृहपाठाच्या बाबतीत तर विनोदी होतात. 2020 च्या शालेय दप्तर धोरणाने दुसरीपर्यंत गृहपाठ देऊच नये असे म्हटले. आणि गृहपाठ दिला नाही म्हणून शाळेकडे जाब मागणारे पालकच असतात. त्यांना दोष कसा द्यावा? वहीतील भरलेली पाने हाच शिकण्याचा एकमेव पुरावा त्यांच्या हाती आजवर पोचला आहे.

ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, तेव्हा आदिवासी पाड्यांवरील मुले बालवाडीपर्यंत येत ना, म्हणून त्यांनी बालवाडीच पाड्यावर, घरांच्या अंगणात नेली. अनुताई वाघांनी पुढे तेच कार्य कोसबाडच्या टेकडीवर आयुष्यभर चालविले. त्या अंगणवाडीचा गौरव करताना आपण मुलांपुरताच विचार करतो. मला तिचा दुसरा गुण अधिक मोलाचा वाटतो. अंगणातल्या शाळेला भिंत नसते. तेथे मूल गाणे म्हणते, पाने मोजते, मातीचे बैल करते, ते दळणकांडण करणाऱ्या आईच्या देखत. खेळ आणि शिक्षण ही एकच गोष्ट आहे, यावर तिला निराळे व्याख्यान द्यावे लागत नाही. पुढे शाळांना इमारती आल्या, फाटके आली आणि 'पालकांनी येथेच थांबावे' अशा पाट्याही आल्या. तिसरीअखेर प्रत्येक मुलास अर्थ समजून वाचता यावे व मूलभूत गणित यावे, असे उद्दिष्ट ठरवून 2021 मध्ये केंद्र सरकारने 'निपुण भारत'ची घोषणा केली, आणि महाराष्ट्रात त्या निमित्ताने मातांचे गट करण्याचीही तजवीज झाली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र ते गट अहवालातल्या छायाचित्रापुरते उरू नयेत.

मग पालकांनी करावे काय? घरी दुसरी शाळा थाटू नये, हे पहिले. स्वयंपाक करताना मुलाशी बोलावे, त्याचे लांबलचक आणि विसंगत बोलणे मध्येच न तोडता ऐकावे, गोष्ट वाचून दाखवावी व वाचता येत नसेल तर सांगावी, बाजारात सुट्या पैशांचा हिशेब त्याच्याकडून करून घ्यावा. ज्या मुलाच्या कानात शब्दांचा मोठा साठा आहे, त्याला ते शब्द कागदावर ओळखणे सोपे जाते, आणि हा साठा निरक्षर आईदेखील पदवीधराइतकाच देऊ शकते. तो तिच्या बोलीतला असला तरी चालतो. 'पानी' म्हणणाऱ्या मुलास 'पाणी' शाळा शिकवील, तेवढ्यासाठी आईने बोलणे आवरते घेऊ नये. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मुलास घालून 'आम्हांला काही येत नाही' म्हणत संकोचाने मागे सरणाऱ्या आईबापांची संख्या आज लहान नाही; मराठीत ऐकलेली गोष्ट मुलाची समज वाढविते आणि ती समज इंग्रजी वाचतानाही त्याच्या सोबत असते, हे त्यांना त्याच शाळेने सांगितले पाहिजे. किती शाळा ते सांगतील, याविषयी मी फारसा आशावादी नाही, कारण पालकांच्या या धास्तीवर कित्येकांचे उत्पन्न अवलंबून आहे.

राहिला प्रश्न सभेच्या वेळेचा, जो वरवर किरकोळ दिसतो आणि ज्यावर बाकीचे सारे अडते. सकाळी अकराची सभा ही रोजंदारीवर जाणाऱ्यास न येण्याचे निमंत्रण असते; ती कामावरून लोक परतल्यावर संध्याकाळी, वस्तीतल्या समाजमंदिरात वा ग्रामपंचायतीच्या ओट्यावर भरावी, आणि तिच्यात काड्यांच्या जुड्या, अक्षरांचे पत्ते, मुलांच्या वह्या या वस्तू सर्वांच्या हाती फिराव्यात. बीडसारख्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघालेली माणसे उन्हाळा लागेपर्यंत गावी परतत नाहीत, आणि त्यांची जी मुले मागे राहतात ती आजीच्या हवाली असतात. अशा गावात पालक म्हणून आजीलाच बोलवावे लागेल, तिच्यासाठी नोटीस लिहून उपयोग नाही, आणि सहीच्या जागी अंगठा चालेल हेही दारात उभे राहूनच सांगावे लागेल.