साप्ताहिक सुट्टी दुखण्यात का जावी?



रविवारी गॅरेज, दवाखाने आणि बँका उघड्या ठेवल्या तर नोकरदारांची सुट्टी वाया जाणार नाही, अशी मागणी अधूनमधून ऐकू येते. अडचण खरी आहे, पण हा उपाय म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. मी भोसरीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात काम करतो. आमच्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, म्हणजे मागितली जाते ती सोय आमच्याकडे पहिल्यापासून आहे. गुरुवारी डॉक्टर बसलेले असतात, गॅरेजचं शटर वर असतं, बँक आणि आरटीओ चालू असतात. तरीही आमच्यातल्या कुणालाही विचारा, गुरुवारी विसावा मिळतो का? मिळत नाही. आठवडाभर अंगावर काढलेलं दुखणं आणि आठवडाभर ढकललेली कामं, दोन्ही त्याच दिवशी वसूल होतात.

मागच्या महिन्यातलं सांगतो. सोमवारपासून अंग कसकसत होतं. पॅरासिटामॉल घेऊन ड्युटी केली, कारण एक दिवस खाडा झाला की महिन्याचा हजेरी भत्ता जातो आणि आमच्यासारख्या घरात तेवढ्यात किराण्याचा मोठा भाग निघतो. त्याच आठवड्यात गाडीनेही त्रास द्यायला सुरुवात केली. नाशिक फाट्याजवळ इंजिनच्या तापमानाचा काटा वर चढला. थांबून, पाणी ओतून कसंबसं घर गाठलं. ती गाडी हौसेसाठी घेतलेली नाही. वडिलांना तपासणीला न्यायचं असतं, आणि त्यांना बसच्या पायऱ्या चढवत नाहीत.

गुरुवारी सकाळी डॉक्टरांनी ताप बघितला, रक्त तपासायला सांगितलं आणि दोन दिवस झोपून राहा म्हणाले. तिथून मी थेट गॅरेजमध्ये गेलो, कारण गाडी दाखवायला दुसरा वार नव्हता. रेडिएटरचा पाईप फाटला होता आणि वॉटर पंपही गळत होता. पंप दुपारपर्यंत येणार होता. तोपर्यंत अंगात ताप घेऊन मी तिथल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिलो. घरी जाऊन पडलो असतो तरी महावितरणची दुरुस्तीची कामं आमच्याकडे गुरुवारीच निघतात, त्या दिवशीही वीज नव्हती. मुलं शाळेत होती. संध्याकाळी ती आली तेव्हा त्यांच्याशी धड बोलायचंही त्राण उरलं नव्हतं, आणि शुक्रवारी पहिली पाळी होती. गॅरेजमधला मदतनीस मुलगाही दिवसभर खोकत होता. रोजंदारीवरच्या त्या मुलाला तर रजा मागायचीही सोय नाही. रविवारी गॅरेज उघडायचं ठरलं तर रविवार अशाच मुलांचा जाणार. म्हणून मला ती मागणी मान्य नाही. एकाची सुट्टी वाचवायला दुसऱ्याची घेण्यात न्याय नाही.

खरा दोष रजेच्या नियमांत आहे. वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा, हे कारखान्यांचं जुनं प्रमाण. १९४८ च्या कारखाना कायद्यात ही रजा पंधरा दिवस आधी अर्ज करून घ्यायची होती. आजारपणासाठी मात्र अर्ज उशिरा आला तरी ती द्यावी, अशी सवलत होती. सवलत चांगली, पण तिचा अर्थ नीट पाहा. गावची जत्रा, गणपती, बहिणीच्या घरचं लग्न यांसाठी साठवलेली रजाच दुखण्यावर खर्च करायची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. रजेच्या पात्रतेसाठी आधी वर्षात २४० दिवस काम लागायचं, आता १८० पुरतात. ही सुधारणा मनापासून स्वागत करण्यासारखी आहे. पण आजारपणासाठी सगळ्यांना स्वतंत्र पगारी रजा नव्या संहितेतही नाही. दुकानं आणि कार्यालयांसाठी महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा आहे. त्यात आठ नैमित्तिक रजा आहेत, पण आजारपणाचं वेगळं खातं तिथेही नाही.

राज्य कामगार विमा योजना आहे ना, असं कुणी म्हणेल. योजना मोलाची आहे. विमाधारकाला वर्षात ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के आजारपणाचा लाभ मिळतो, मोठ्या दुखण्यात तो घर सावरतो. पण सर्वसाधारणपणे आजाराच्या पहिल्या दोन दिवसांचे पैसे त्यात मिळत नाहीत. आमचं नेहमीचं दुखणं तर नेमकं तेवढंच असतं: दोन दिवसांचा ताप, जुलाब, धरलेली कंबर. शिवाय या योजनेची वेतनमर्यादा जानेवारी २०१७ मध्ये २१ हजार रुपये झाली. थोडी पगारवाढ झाली की माणूस त्याबाहेर जातो.

मग तो तापात कामावर येतो. प्रेसवर, लेथवर सर्दीची गोळी घेतलेला, डोळे मिटत असलेला माणूस उभा राहणं किती धोक्याचं आहे, हे शॉपफ्लोअरवरच्या प्रत्येकाला माहीत आहे. तरी त्याला घरी पाठवायची हिंमत सुपरवायझरला होत नाही, कारण त्याचा भत्ता जाईल हे त्यालाही कळतं.

साप्ताहिक सुट्टी कुणी दान म्हणून दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेऊन मागण्यांचा अर्ज तयार केला. त्यात आठवड्याची सुट्टी होती आणि कामावर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा, हेही होतं. विसावा वेगळा आणि शरीर सावरण्याचा काळ वेगळा, ही जाण त्या माणसांना होती. रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी मिळाली. त्या सुट्टीत आज आपण दोन्ही कोंबतो आहोत.

लहान उद्योजकांची बाजू मला कळते. पंधरा माणसांच्या युनिटमध्ये एक ऑपरेटर आला नाही तर माल अडकतो, वरची कंपनी दंड लावते. आजारी रजा दिली तर लोक खोटं बोलतील, ही भीतीही पूर्ण निराधार नाही. पण ताप दडवून आलेला एक माणूस चौघांना आजारी पाडतो, तेव्हा जास्त माल अडकतो. शिवाय आज आम्ही एका दिवसाच्या दुखण्यासाठीही प्रमाणपत्राला डॉक्टरांचे पैसे भरतो. खोटं बोलणाऱ्याला ते कुठेही मिळतं, खर्च होतो तो खरं आजारी असलेल्याचा.

राज्याच्या कामगार विभागाने वर्षाला निदान सात दिवसांची पगारी आजारी रजा कारखाने आणि दुकानं दोन्हींना बंधनकारक करावी. पहिल्या दोन दिवसांना प्रमाणपत्र मागू नये आणि या रजेमुळे हजेरी भत्ता कापू नये. गाडी, गॅस, शाळा अशा कामांसाठी महिन्यातून एकदा दोन-तीन तास उशिरा येण्याची मुभा असावी. ते तास नंतर भरून द्यायला आमची तयारी आहे. कामगार संघटनांनाही माझं सांगणं आहे: वेतनकराराच्या बोलणीत आपण किती हजारांची वाढ मिळाली ते मोजतो, रजेचं कलम मात्र शेवटी घाईत उरकतो. येत्या करारात आजारी रजा पहिल्या पानावर घ्या.

— एक कामगार, भोसरी