आधी वकील की आधी पुरावा?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. परंतु ज्याला चौकीत बडवले, किंवा ज्याच्या भावाचे प्रेत कोठडीतून बाहेर आले, त्याने शहाणपण करून जायचे कोठे? त्याच्यासाठी मानवी हक्क आयोग आहे, असे सांगण्यात येते. तेथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही, हेही मोठ्या कौतुकाने सांगितले जाते. वकील लागत नाही म्हणजे तो नसल्याने काही बिघडत नाही, असा सोयीचा अर्थ मग आपोआपच निघतो. आमचे भांडण आहे ते या अर्थाशी.

१९९३ चा मानवी हक्क संरक्षण कायदा उघडून पाहा. ज्याच्या वर्तनाची चौकशी व्हायची, त्याला आपली बाजू मांडण्याची व पुरावा देण्याची संधी दिलीच पाहिजे, असे सोळावे कलम बजावते. हे न्याय्यच आहे. पण त्या अधिकाऱ्यामागे खाते असते, दप्तर असते, कायदा जाणणारी माणसे असतात. तक्रारदाराच्या हाती असतो एक अर्ज. घटनेला वर्ष उलटले, की छत्तिसावे कलम आयोगाला चौकशीची बंदी करते. कोणत्या कागदाची नक्कल मागावी, जखमांची तपासणी केव्हा करून घ्यावी, हे सांगणारा त्या वर्षात भेटला नाही, तर तक्रार जन्मतःच लुळी.

असा सांगणारा सरकारने द्यावा, म्हणून तर १९७६ साली राज्यघटनेत ३९-अ हे कलम आले आणि १९८७ साली विधी सेवा प्राधिकरणांचा कायदा झाला. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, कोठडीतील माणसे, ठराविक मर्यादेहून कमी उत्पन्नाचे लोक, या साऱ्यांना त्याने मोफत वकिलाचा अधिकार दिला. पण तेराव्या कलमात मेख मारून ठेवली: अर्जदाराच्या बाजूत प्रथमदर्शनी तथ्य आहे, अशी प्राधिकरणाची खात्री पटली पाहिजे! त्याच कलमात गंमत अशी, की आपल्या उत्पन्नाबद्दल अर्जदाराने केलेले प्रतिज्ञापत्र, संशयाला कारण नसेल तर, पुरेसे मानता येते. खिशाबद्दल गरिबाचा शब्द चालतो. पाठीवरच्या वळांबद्दल मात्र आधी खात्री हवी. जे तथ्य वकिलाने खणून काढायचे, तेच वकील मिळण्यापूर्वी दाखवा, असे म्हणणे म्हणजे पोहता आल्याखेरीज पाण्यात उतरू नको, असे बजावणे होय.

बिहारमध्ये भागलपूर येथे १९७९-८० साली पोलिसांनी तिसांहून अधिक माणसांचे डोळे फोडून त्यांत आम्ल ओतले. त्यांपैकी बहुतेकांना दंडाधिकाऱ्यापुढे नेले तेव्हा वकील नव्हता. का नव्हता? तर त्यांनी मागितला नाही म्हणून! सर्वोच्च न्यायालयाने हे उत्तर झिडकारले आणि मोफत वकिलाचा हक्क आरोपीला सांगणे हे दंडाधिकाऱ्याचेच कर्तव्य ठरवले. पुढे १९८६ साली सुकदास खटल्यात, गरीब आरोपीला वकील न देता झालेली शिक्षाच त्याने रद्द केली. त्याने अर्ज केला नव्हता, ही सबब चालली नाही. आरोपीला जो न्याय, तो डोळे गमावलेल्या फिर्यादीला का नको?

कोणी म्हणेल, पैसा जनतेचा आहे. सूडापोटी खोट्या तक्रारी करणारेही असतात. असतात, आम्ही नाकारीत नाही. पण खोटी तक्रार ओळखण्यासही कागद वाचणारा जाणता माणूसच लागतो. चाळणी जरूर असावी. ती धान्य मळून झाल्यावर लावावी, उभ्या कणसांवर नव्हे.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. तक्रार सरकारी सेवकाविरुद्ध असेल आणि तक्रारदार मोफत वकिलास पात्र असेल, तर तक्रारीच्या दिवशीच त्याला वकील द्या. अर्ज लिहिणे, कागद मिळवणे, साक्षीदार शोधणे एवढे तरी त्या वकिलाकडून होऊ द्या. त्यानंतर त्याने लेखी मत द्यावे. आणि पुढे मदत नाकारायची असेल, तर प्राधिकरणाने कारणे लिहून नाकारावी. ज्या सत्तेचा हात अंगावर पडला, तिच्याच तिजोरीतून चालणाऱ्या कचेरीने ‘तुझी बाजू दुबळी दिसते’ असे म्हणावे, तर निदान ती बाजू एकदा नीट ऐकून तरी म्हणावे.