पात्र की अपात्र?



‘पात्र’ म्हटलं की तुम्हाला कथा-कादंबरी आठवेल. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात आठवते ती सरकारी फाईल. शेतकऱ्याने आत्महत्या केली की कर्ज आणि सातबारा तपासून प्रकरण पात्र की अपात्र ते ठरतं. पात्र ठरलं तर एक लाख रुपये. त्याची बायको मात्र बहुतेक गोष्टींत शेवटच्या प्रसंगापुरतीच येते. कोरं कपाळ, मांडीवर लेकरू. ती पुढे बदलूच शकत नाही, कारण गोष्टच तिथे संपते.

बदलणारी बाई दाखवायची म्हणून मी गटाच्या बैठकीत ‘उंबरठा’ दाखवते. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरचा, जब्बार पटेल यांचा १९८२ चा हा सिनेमा. पटकथा विजय तेंडुलकरांची. स्मिता पाटीलने केलेली सुलभा महाजन महिलाश्रमाची अधीक्षक होऊन घराबाहेर पडते. मीही समाजकार्य शिकलेली, त्यामुळे तिचा सुरुवातीचा उत्साह ओळखीचा. शिस्त लावली की संस्था सुधारेल, असं तिला वाटतं. मग आतला भ्रष्टाचार आणि वरच्यांचे हितसंबंध दिसतात. ती राजीनामा देऊन परत येते, तर घरात तिची जागा उरलेली नसते. ती दुसऱ्यांदा उंबरठा ओलांडते. पहिल्यांदा ती परतण्याच्या भरवशावर गेली होती, दुसऱ्यांदा तो भरवसा सोडून. स्वभाव तोच, पण आता तिला कुणाची संमती लागत नाही. माझ्या मते तिची वाढ एवढ्यातच आहे, आणि ती थोडी नाही.

पण आमच्या बायका विचारतात, “पोरगी कोनापाशी ठेवली तिनं?” प्रश्न रास्त आहे. जिच्या नवऱ्याने विष घेतलं, तिला घर सोडून चालत नाही. गेली तर जमीन दिराची. तिला तिथेच राहून सातबाऱ्यावर नाव लावून घ्यायचं असतं. तिची गोष्ट उंबरठ्याच्या आतच घडते.

श्याम पेठकर यांच्या ‘तेरवं’ नाटकात अशा बायका स्वतःच उभ्या राहिल्या. दिग्दर्शन हरीश इथापे यांचं. त्यांतल्याच राजूरच्या वैशाली येडे. नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतलं गेल्यावर ११ जानेवारी २०१९ रोजी यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन त्यांनी केलं. त्याच वर्षी त्या लोकसभेलाही उभ्या राहिल्या. असं वळण कोणत्या कादंबरीकाराला सुचलं असतं?

पुढच्या अंकासाठी गटांनी गोष्टी पाठवाव्यात. लिहिता येत नसेल तर सांगून लिहून घ्या. अट एकच : नवऱ्याचा मृत्यू पहिल्या पानावर यावा, शेवटच्या नव्हे.