विश्लेषण : जीएसटी घटला, छोटी कार स्वस्त झाली, पण वाचलेले पैसे खिशात राहतील का?

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या कारवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरचा उपकरही गेला. दुचाकीवरून चारचाकीवर जाण्याचा विचार वर्षानुवर्षे पुढे ढकलणाऱ्या अनेक कुटुंबांनी पुन्हा हिशेब मांडायला घेतला. मात्र करात वाचलेली रक्कम ग्राहकाकडे राहीलच असे नाही. विमा, ॲक्सेसरीज, इंधनाची चुकीची निवड आणि सर्व्हिसिंगच्या बिलात नकळत वाढणाऱ्या ओळी या वाटांनी ती निघून जाऊ शकते. छोटी कार घेताना आणि सांभाळताना सर्वाधिक विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची ही उत्तरे.

कोणती गाडी ‘छोटी’ मानली जाते?

करासाठी दोन अटी आहेत आणि दोन्ही एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. लांबी ४,००० मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि इंजिन पेट्रोल, सीएनजी किंवा एलपीजीचे असेल तर १,२०० सीसीपर्यंत, डिझेलचे असेल तर १,५०० सीसीपर्यंत हवे. ही व्याख्या नवी नाही. २००६-०७ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांचे उत्पादन शुल्क कमी केले गेले, तेव्हापासून ती चालत आली आहे. भारतात डिकी कापल्यासारख्या दिसणाऱ्या चार मीटरच्या आतल्या सेदान दिसू लागल्या, त्या याच नियमामुळे.

दिसायला लहान असलेली प्रत्येक गाडी या गटात बसत नाही. टाटा नेक्सॉन आणि मारुती ब्रेझा या दोन्हींची लांबी ३,९९५ मिलिमीटर. नेक्सॉनचे पेट्रोल इंजिन १,१९९ सीसीचे असल्याने तिला १८ टक्के कर लागतो. ब्रेझाचे १,४६२ सीसीचे इंजिन मर्यादा ओलांडते, त्यामुळे ती ४० टक्क्यांच्या गटात जाते. तिथेही आधीच्या एकूण ४५ टक्क्यांच्या तुलनेत कर कमीच झाला, पण फायदा लहान आहे. इलेक्ट्रिक गाड्यांवरचा कर पूर्वीप्रमाणेच ५ टक्के आहे.

प्रत्यक्षात किती पैसे वाचतात?

दहा टक्के कर कमी झाला म्हणजे किंमत दहा टक्क्यांनी उतरली, असे होत नाही. समजा, एखाद्या पेट्रोल गाडीची जुनी एक्स-शोरूम किंमत ६ लाख रुपये होती. त्यात २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का उपकर धरलेला होता, म्हणजे कराआधीची किंमत साधारण ४ लाख ६५ हजार. त्यावर १८ टक्के लावले की नवी किंमत सुमारे ५ लाख ४९ हजार होते. फरक ५१ हजारांचा, म्हणजे साडेआठ टक्क्यांचा. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रस्ता कर आहे. किंमत उतरली की तोही साडेपाच हजारांच्या आसपास कमी होतो. डिझेलसाठी हा दर १३ टक्के आहे. सीएनजीचा जुलै २०२५ मध्ये एक टक्क्याने वाढून ८ टक्के झाला, तरी पेट्रोलपेक्षा कमीच आहे.

थोडक्यात, सहा लाखांच्या गाडीमागे पन्नास ते पंचावन्न हजार रुपये वाचतात. खरा प्रश्न हे पैसे टिकवण्याचा आहे.

शोरूमच्या टेबलावर ते कुठे गळतात?

‘ऑन-रोड’ किमतीच्या कागदावर पाच-सहा ओळी असतात. एक्स-शोरूम किंमत, रस्ता कर, नोंदणी शुल्क आणि फास्टॅग या ओळींत घासाघीस नसते. उरलेल्या ओळी मात्र निवडीच्या आहेत. सीट कव्हर, मॅट, मडफ्लॅप यांचा ‘बेसिक किट’, वाढीव वॉरंटी, टेफ्लॉन किंवा अंडरबॉडी कोटिंग आणि विमा, हे सगळे नाकारता येते किंवा बाहेरून घेता येते. ‘हँडलिंग’ किंवा ‘लॉजिस्टिक्स’ नावाची रक्कम हे सरकारी शुल्क नाही. ती दिसली तर कशाची, हे लेखी विचारावे.

आणखी एक गोष्ट पाहावी, ती म्हणजे गाडी कोणत्या महिन्यात बनली. विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म २१ वर, उत्पादनाचा महिना आणि वर्ष लिहिलेले असते. जानेवारीत घेतलेली गाडी आदल्या वर्षाच्या मध्यावर बनलेली असेल, तर पुढे विकताना ती एक वर्ष जुनी धरली जाते. अशा गाडीवर जास्त सवलत मागणे रास्त आहे.

विमा डीलरकडूनच घ्यावा लागतो का?

नाही. विमा कुठून घ्यायचा हे ग्राहक ठरवतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारसाठी तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. त्याचा हप्ता सरकार ठरवते. जून २०२२ पासूनच्या दरांनुसार तो कर वगळून १,००० सीसीपर्यंत ६,५२१ रुपये आणि १,००० ते १,५०० सीसीसाठी १०,६४० रुपये आहे. हा आकडा सगळीकडे सारखाच असतो. फरक पडतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात, म्हणजे ‘ओन डॅमेज’मध्ये. म्हणून डीलरचा आकडा घेऊन त्याच अटींवर दोन-तीन कंपन्यांचे आकडे मागवावेत.

‘झिरो डेप्रिसिएशन’ घ्यावे का, हाही नेहमीचा प्रश्न. साध्या विम्यात प्लॅस्टिक, रबर आणि नायलॉनच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. आजच्या गाडीचा बंपर प्लॅस्टिकचाच असतो आणि शहरात आधी ठोकर त्यालाच बसते. त्यामुळे पहिली काही वर्षे हे संरक्षण उपयोगाचे ठरते. पावसात पाणी तुंबणाऱ्या भागात राहणाऱ्यांनी इंजिन संरक्षणाचाही विचार करावा.

दावा न केल्याबद्दल मिळणारा ‘नो क्लेम बोनस’ पहिल्या वर्षानंतर २० टक्के आणि पाच वर्षांनंतर ५० टक्क्यांपर्यंत जातो. तो गाडीचा नसून मालकाचा असतो. जुनी गाडी विकून नवी घेतली तर सोबत नेता येतो. मात्र विमा संपून ९० दिवसांपेक्षा जास्त काळ लोटला तर तो हातचा जातो. म्हणूनच दोन-तीन हजारांच्या किरकोळ डागडुजीसाठी दावा करण्याआधी हिशेब करावा.

पेट्रोल की सीएनजी?

या प्रश्नाचे उत्तर महिन्याच्या किलोमीटरमध्ये दडलेले आहे. उदाहरणासाठी पेट्रोल १०४ रुपये लिटर आणि सीएनजी ८० रुपये किलो धरू. शहरात पेट्रोल गाडी लिटरला १८ किलोमीटर आणि सीएनजी गाडी किलोला २५ किलोमीटर चालली, तर पेट्रोलचा खर्च किलोमीटरला पावणेसहा रुपयांच्या घरात जातो आणि सीएनजीचा सव्वातीनच्या आत राहतो. म्हणजे दर किलोमीटरला सुमारे अडीच रुपये वाचतात. सीएनजी मॉडेल ९० हजारांनी महाग असेल, तर ते पैसे वसूल व्हायला ३६ हजार किलोमीटर लागतात.

महिन्याला १,५०० किलोमीटर चालवणाऱ्याचे पैसे दोन वर्षांत वसूल होतात. फक्त शनिवार-रविवारी गाडी काढणाऱ्या, महिन्याला ५०० किलोमीटर चालवणाऱ्याला सहा वर्षे थांबावे लागते. त्याच्यासाठी पेट्रोलच बरे. आपल्या शहरातले दर आणि आपले किलोमीटर घालून हे गणित मोबाइलवर पाच मिनिटांत होते.

पैशांपलीकडच्याही गोष्टी आहेत. पंपावरच्या रांगेत जाणारा वेळ, डिकीतली सिलिंडरने अडवलेली जागा आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट. बाहेरून किट बसवले तर त्याची नोंद आरसीवर व्हायला हवी आणि विमा कंपनीलाही कळवायला हवे. नाहीतर अपघातानंतर दावा अडकू शकतो.

ई-२० पेट्रोलमुळे गाडी खराब होते का?

२०२५ मध्ये समाजमाध्यमांवर सर्वाधिक वाद याच प्रश्नावर झाला. ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल. एक लिटर इथेनॉलमधली ऊर्जा एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते. त्यामुळे मायलेज घटते, हे खरे. ई-१० साठी बनलेल्या आणि ई-२० साठी जुळवलेल्या गाड्यांत ही घट १ ते २ टक्के, तर इतर गाड्यांत ३ ते ६ टक्के असल्याचे पेट्रोलियम मंत्रालयाने सांगितले. लिटरला १८ किलोमीटर देणारी गाडी सहा टक्के घटीने १७ च्या खाली येते. घट त्याहून बरीच मोठी असेल, तर टायरमधली हवा, एअर फिल्टर आणि स्पार्क प्लगही तपासावेत.

दुसरा मुद्दा सुट्या भागांचा. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांचे इंधनाशी संबंध येणारे भाग ई-२० ला चालतील असे आहेत. त्याआधीच्या काही गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, असे मंत्रालयानेच म्हटले आहे. म्हणजे ‘इंजिन लगेच बाद होते’ हा दावा जसा अतिरंजित, तसे ‘काहीच फरक पडत नाही’ हेही पूर्ण खरे नाही. साधे पेट्रोलही मिळावे, अशी मागणी करणारी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. त्यामुळे जुन्या गाडीच्या मालकाच्या हातात उरते ती काळजी. सर्व्हिसिंगच्या वेळी इंधनाच्या नळ्या तपासून घ्याव्यात, गाडीत पेट्रोलचा वास आला तर ती न चालवता दाखवावी आणि टाकी भरलेली गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नये. इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते.

सर्व्हिसिंगमध्ये काय खरे, काय जास्तीचे?

पहिल्या तीन ‘फ्री’ सर्व्हिसिंगमध्ये बहुतेक वेळा फक्त मजुरी माफ असते. ऑइल आणि फिल्टरचे पैसे द्यावे लागतात. बहुतेक छोट्या गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यापैकी जे आधी येईल तेव्हा सर्व्हिसिंग सांगितलेले असते. ‘माझी गाडी वर्षात तीनच हजार चालली, मग कशाला?’ असे अनेक जण म्हणतात. पण ऑइल उभ्या गाडीतही जुने होते आणि सर्व्हिसिंग चुकवल्यास वॉरंटीचा दावा नाकारला जाऊ शकतो.

सल्लागाराने इंजिन डीकार्बनायझिंग, एसी ट्रीटमेंट, इंटिरियर एनरिचमेंट अशी यादी वाचली की एकच प्रश्न विचारावा : हे काम गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेतल्या तक्त्यात आहे का? नसेल आणि गाडीत काही तक्रारही नसेल, तर ‘नको’ म्हणायला हरकत नाही. उलट तक्त्यात असूनही राहून जाणारी कामे महत्त्वाची असतात. ब्रेक ऑइल आणि कूलंट वेळेवर बदलणे, टायरची अदलाबदल, अलाइनमेंट ही त्यातली काही. टायरमधली हवा मात्र पंधरवड्याला स्वतः तपासून घ्यावी. योग्य आकडा चालकाच्या दारालगतच्या स्टिकरवर असतो. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत झिजली की टायर बदलायलाच हवा.

पावसाळ्यासाठी एक सूचना. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्ट करू नका. पाणी सिलिंडरमध्ये गेले असेल, तर स्टार्टर फिरवताच कनेक्टिंग रॉड वाकू शकतो आणि टोइंगच्या खर्चावर भागणारे काम इंजिन उघडण्यापर्यंत जाते. गाडी ढकलून बाजूला घ्या आणि टोइंग बोलवा.

नव्याऐवजी जुनी घेतली तर?

नव्या गाड्या स्वस्त झाल्यावर जुन्यांचे जुने भाव टिकत नाहीत. दोन वर्षे वापरलेल्या गाडीची किंमत सांगताना विक्रेता जुनी बिले दाखवेल. तुम्ही मात्र त्याच मॉडेलची आजची नवी किंमत समोर ठेवून बोला. आरसीवर बँकेचा बोजा आहे का, ई-चलने बाकी आहेत का आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असल्यास उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का, हे पैसे देण्याआधी पाहावे. फॉर्म २९ आणि ३० भरून नावबदल पूर्ण करावा. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. विकणाऱ्यासाठीही हे तितकेच महत्त्वाचे आहे, कारण आरसीवर ज्याचे नाव, अपघाताची नोटीस त्याच्याच दारात येते.

मग निर्णय कशावर घ्यावा?

२०२४-२५ मध्ये देशात विकल्या गेलेल्या प्रवासी वाहनांपैकी सुमारे ६५ टक्के युटिलिटी वाहने होती. ‘थोडे पैसे वाढवा, एसयूव्ही येते’ हे वाक्य शोरूममध्ये ऐकू येणारच. अशा वेळी एका कागदावर तीन आकडे लिहावेत : महिन्याचे किलोमीटर, महिन्याचा हप्ता आणि इंधन, विमा व सर्व्हिसिंगचा मिळून महिन्याचा खर्च. शेवटच्या दोन आकड्यांची बेरीज घरखर्च भागवून उरणाऱ्या पैशांत आरामात बसत असेल, तर ती गाडी तुमची. कर कमी झाल्याने वाचलेल्या पन्नास हजारांवर आणखी दीड लाखाचे कर्ज चढवून वरचे मॉडेल घेतले, तर करसवलतीचे पैसे पुढची पाच वर्षे व्याजातच जातील.