साडीतल्या मरियेला आक्षेप का?



साडीतली मरिया म्हणजे पवित्र शास्त्राचा विपर्यास, असे गेल्या अंकातील एका पत्रात म्हटले आहे. हे मला मुळीच मान्य नाही. चारही शुभवर्तमाने उघडून पाहा. येशूच्या किंवा मरियेच्या नाकाडोळ्यांचे वर्णन कुठेच नाही. चेहरा चित्रकारालाच शोधावा लागतो.

रेम्ब्राँटने १६६१ साली प्रेषित पौल रंगवला तो स्वतःच्याच चेहऱ्याने. डोक्याला फेटा, कपाळावर आठ्या, भुवया वर चढलेल्या, हातात लिहिलेले कागद आणि अंगरख्याआडून डोकावणारी तलवारीची मूठ. दिवाळे निघालेल्या, थकलेल्या माणसाचा तो चेहरा आहे. कृपेवर इतके लिहिणारा पौल मला त्या चेहऱ्यात अधिक जवळचा वाटतो. त्याला कुणी विपर्यास म्हणत नाही!

मग मरियेला साडीत रंगवणाऱ्या आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांनाच दोष का? गोव्याचे हे श्रद्धावंत चित्रकार शांतिनिकेतनात आणि अवनींद्रनाथ ठाकुरांकडे शिकले. गोव्यात त्यांच्या भारतीय वळणाच्या ख्रिस्ती चित्रांवर टीकेची झोड उठली, तेव्हा पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाने त्यांना आसरा दिला. तिथेच त्यांनी आपल्याकडच्या बायामाणसांच्या चेहऱ्यामोहऱ्यात शुभवर्तमान रंगवले.

त्यांची अनेक चित्रे पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चकडे आहेत. पत्रलेखकांनी ती समोर उभे राहून पाहावीत आणि मग जरूर पुन्हा लिहावे.

— एक ख्रिस्ती वाचक, पुणे