नस्तीत न उमटणारी नावे

जबलपूरजवळच्या भेडाघाटला आपण जातो ते नर्मदेचा धुंवाधार धबधबा, संगमरवरी कडे आणि चौसष्ट योगिनींचे मंदिर पाहण्यासाठी. या गावाचा कारभार एक छोटीशी नगर परिषद पाहते, ही बाब सहसा आपल्या ध्यानात येत नाही. २०२१ मध्ये भेडाघाट-लम्हेटाघाट परिसराचे नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाले. अशा ठिकाणी जमिनीचे मोल वाढते आणि त्याबरोबर निर्णयांचेही. नदीपासून किती अंतरावर बांधकाम चालेल, वाहनतळ कुठे असावा, दगडाच्या मूर्ती विकणाऱ्यांनी कुठे बसावे, असे प्रश्न मग नगर परिषदेपासून जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत फिरू लागतात.

समजा, उद्या नदीकाठच्या बांधकामाच्या नियमात बदल करण्याचा प्रस्ताव आला. त्यावर एखाद्या नावाड्याला हरकत घ्यायची असेल तर त्याने लेखी अर्ज द्यायचा. त्यावर नाव, पत्ता, सही हवी. अर्जाला आवक क्रमांक पडतो आणि तो नस्तीत लागतो. त्याच प्रस्तावाच्या बाजूने बोलणारा एखाद्या गुंतवणूकदाराचा प्रतिनिधी मात्र साहेबांच्या दालनात चहा घेऊन, आपले म्हणणे पटवून निघून जातो. त्याचे नाव, तो कोणाच्या वतीने आला होता, त्याने काय मागितले, यांपैकी काहीही कागदावर येत नाही. उदाहरण काल्पनिक आहे, पण प्रशासनात काही वर्षे काढलेल्या कोणालाही ते अपरिचित वाटणार नाही.

या विषमतेकडे आपण गांभीर्याने पाहिले पाहिजे. सामान्य माणसाचे म्हणणे नोंदले जाते आणि वजनदार माणसाचे नोंदले जात नाही. परिणामी, वर्षभराने कोणी माहितीच्या अधिकारात नस्ती मागितली तर त्याला फेटाळलेल्या हरकती वाचायला मिळतात. मान्य झालेला युक्तिवाद मुळात कोणी मांडला, हे मात्र कळत नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. शासनापुढे आपले हित मांडणे हा गुन्हा नव्हे. बांधकाम व्यावसायिक, रिक्षा संघटना, व्यापारी मंडळ किंवा पर्यावरणप्रेमी संस्था यांनी अधिकाऱ्यांना भेटावे, आकडेवारी द्यावी, यात गैर काही नाही. कित्येकदा कार्यालयात बसून जे कळत नाही ते अशा भेटींतूनच कळते. आक्षेप भेटीवर नाही. भेट गुप्त राहण्यावर आहे.

यावर पाश्चात्त्य देशांत लॉबिंग करणाऱ्यांची नोंदणी हा उपाय योजला आहे. कॅनडातील टोरांटो महापालिकेत संगणक भाड्याने घेण्याच्या व्यवहाराची न्यायालयीन चौकशी झाली. न्यायमूर्ती डेनिस बेलामी यांचा अहवाल २००५ मध्ये आला आणि २००८ पासून त्या शहरात अशी नोंदणी सुरू झाली. दुसऱ्यासाठी किंवा आपल्या कंपनीसाठी महापालिकेशी बोलणाऱ्याने आपण कोणाच्या वतीने, कोणत्या विषयावर, कोणाशी बोललो हे जाहीर करायचे. काम झाले तरच मोबदला, अशा कराराला तिथे बंदी आहे.

हे ऐकून कोणी म्हणेल की, ही परदेशी कल्पना आपल्याकडे कशी चालेल? परंतु ही कल्पना आपल्याकडे त्याच्या चार दशके आधी लेखी मांडली गेली होती. भ्रष्टाचार प्रतिबंधासाठी १९६२ मध्ये नेमलेल्या संथानम समितीने १९६४ च्या आपल्या अहवालात सरकारी कार्यालयांत वावरणाऱ्या मध्यस्थांचा स्वतंत्र विचार केला आहे. समितीची शिफारस अशी की, उद्योगसंस्थेच्या वतीने येणारी व्यक्ती अधिकृतपणे मान्यताप्राप्त असल्याशिवाय अधिकाऱ्याने तिच्याशी व्यवहार करू नये, आणि अशा भेटींची दैनंदिनी ठेवावी. याच समितीच्या शिफारशीतून केंद्रीय दक्षता आयोग उभा राहिला. मध्यस्थांबाबतची सूचना मात्र शहरांच्या कारभारात रुजली नाही.

तिची उणीव कुठे भासते, याचे मोठे उदाहरण मुंबईचे आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ नुसार बंद गिरण्यांच्या जमिनीचा काही वाटा मोकळ्या जागांसाठी, काही सार्वजनिक घरांसाठी आणि उरलेला मालकांना मिळायचा होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती राहिली आणि शहराच्या वाट्याला येणारे क्षेत्र पुष्कळ घटले. २००५ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल या दुरुस्तीविरुद्ध गेला, तर मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. कायद्याचा प्रश्न तिथे मिटला. पण त्या दुरुस्तीसाठी कोण कोण, कोणाला, कितीदा भेटले, हे मुंबईकराला वाचता येईल अशी नोंदवहीच तेव्हा नव्हती. परळ-लालबागचा चेहरामोहरा बदलणाऱ्या निर्णयाबाबत एवढे जाणून घेण्याचा अधिकार तिथल्या गिरणी कामगाराला नसावा काय?

नोंदणीमुळे दलालांना प्रतिष्ठा मिळेल, हा दुसरा आक्षेप. तो विचार करण्यासारखा आहे. परंतु पैसे घेऊन लोकसेवकावर वैयक्तिक वजन वापरणे हा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाच आहे आणि नोंदणीने तो माफ होत नाही. उलट, उघडपणे बाजू मांडणारा आणि आडून वजन टाकणारा, यांच्यात फरक करण्याचे साधन त्यामुळे मिळते. २०१६ च्या रेरा कायद्याने नोंदणीकृत प्रकल्पातील सदनिका विकून देणाऱ्या एजंटालाही नोंदणी सक्तीची केली. मग त्याच इमारतीसाठी नियम बदलून घ्यायला येणारा अनोंदणीकृत कसा चालतो?

तिसरी भीती अशी की, याचा जाच शेवटी सामान्यांनाच होईल. ही भीती मला सर्वांत रास्त वाटते. म्हणून व्यवस्था पुढीलप्रमाणे असावी, असे मी सुचवतो.

१) स्वतःच्या कामासाठी किंवा आपल्या वस्तीच्या प्रश्नासाठी येणाऱ्या नागरिकाला कोणतीही नोंदणी लागू नये. मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी येणारा आणि कंपनीचा प्रतिनिधी यांनाच ती लागू असावी.

२) ठेके, आरक्षणे, जमीनवापर आणि नियमदुरुस्ती या विषयांवरील प्रत्येक भेटीची नोंद अधिकाऱ्याने तारीख, व्यक्ती, अशील व विषय यांसह करावी. भेट घरी झाली असली तरी ती नोंदवावी.

३) महापौर, नगराध्यक्ष आणि नगरसेवक यांनाही हाच नियम असावा.

४) ही नोंद दरमहा संकेतस्थळावर आणि सूचनाफलकावर लावावी, आणि तिची प्रत संबंधित नस्तीत असावी.

सक्ती आणि दंड यांसाठी कायदा लागेल, हे खरे. पण अधिकाऱ्यांच्या दैनंदिनीसाठी आयुक्ताचे किंवा मुख्याधिकाऱ्याचे एक परिपत्रक पुरेसे आहे. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ माहिती आपणहून जाहीर करायलाच सांगते. वरिष्ठांचे तोंडी आदेश लिहून ठेवावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी टी. एस. आर. सुब्रमणियन प्रकरणात सांगितले. तोंडी आदेश नोंदवायचा, तर तोंडी आर्जव का नोंदवू नये?

अशा नोंदीचा पहिला लाभ प्रामाणिक अधिकाऱ्यालाच होईल. 'तुमची भेट मला लिहून ठेवावी लागेल' एवढे एक वाक्य पुष्कळ अडचणीच्या भेटी टाळू शकते. आणि सुरुवात मुंबईसारख्या महानगरातूनच व्हावी असेही नाही. भेडाघाटसारख्या छोट्या नगर परिषदेला एक नोंदवही आणि ती भरण्याची शिस्त, एवढेच पुरेल. नावाड्याची हरकत आणि गुंतवणूकदाराची मागणी एकाच नस्तीत, आपापल्या नावानिशी दिसू लागली, तर निर्णय कोणाच्याही बाजूने लागो, तो कसा झाला हे लोकांना कळेल.