पेपर सकाळी नऊला, रात्रीचं काय?

परीक्षेला, भरतीला, इंटरव्ह्यूला नागपूरला येताय? डिसेंबर-जानेवारीतली एक रात्र इथं काढावी लागणार आहे? मग त्या रात्रीचा विचार घरून निघण्याआधीच करा.

हॉलतिकीट हातात आलं की आपण काय पाहतो? सेंटर कुठं आलं, गेट किती वाजता बंद होणार, सोबत कोणतं ओळखपत्र न्यायचं. मग मित्राला फोन जातो, "नागपूर आलं ना बे सेंटर, चल सोबत जाऊ." पाच मिनिटांत सगळं ठरतं. एकच गोष्ट ठरत नाही. आदल्या रात्री झोपायचं कुठं? त्यावर सगळ्यांचं एकच उत्तर असतं, "पाहू ना तिथं गेल्यावर!"

माझं भांडण या "पाहू ना"शी आहे.

नकाशा डोळ्यांपुढं आणा. सिरोंचा किंवा भामरागडहून नागपूर गाठायचं तर जवळपास अख्खा दिवस एसटीत जातो. खुद्द गडचिरोली शहरातून निघालात तरी रस्त्यात चारएक तास धरायलाच हवेत. पेपर सकाळी नऊचा, रिपोर्टिंग त्याच्याही आधी. त्याच दिवशी पहिली गाडी पकडून वेळेत पोचणं बहुतेकांना जमणारच नाही. म्हणजे नागपुरातली ती रात्र ही कुणाची हौस नसते. फॉर्म भरला त्याच दिवशी ती नशिबी आलेली असते. आणि तरीही ती कुणाच्याच हिशेबात नसते.

एकाच आळसाची दोन उत्तरं

घरी विषय काढला की मुलीला एक उत्तर मिळतं आणि मुलाला दुसरं. मुलीला सांगतात, "एवढ्या थंडीत, रात्रीची, एकटी कुठं जाशील? राहू दे यंदा, पुढच्या वर्षी दे." मुलाला सांगतात, "तुला काय होते? पोरगा आहेस, पडशील प्लॅटफॉर्मवर."

पहिलं उत्तर काळजीचं वाटतं आणि दुसरं विश्वासाचं. मला विचाराल तर दोन्ही एकाच आळसातून येतात. त्या एका रात्रीची सोय करायची कुणालाच तयारी नसते. म्हणून मुलीचं वर्ष जातं आणि मुलाची रात्र जाते. मुलाची नुसती रात्र गेली तर काय बिघडलं, असं वाटत असेल तर माझ्या एका मित्राची गोष्ट ऐका.

तो वडशाहून पोलीस भरतीला आला होता. दिवस जानेवारीचे. लॉजचे पैसे वाचवायचे म्हणून मैदानाजवळच्या फुटपाथवर, बॅग उशाला घेऊन झोपला. पहाटे उठला तेव्हा बॅग होती, बॅगेतली फाइलही होती. मोबाइल नव्हता. पण खरा घात थंडीनं केला. रात्रभर कुडकुडून अंग आखडलं होतं. १६०० मीटरच्या तिसऱ्या चकरेत पोटऱ्या धरल्या आणि वर्षभराची तयारी तिथंच संपली. तो अजूनही म्हणतो, नशीब नव्हतं. मी म्हणतो, ब्लँकेट नव्हतं.

थंडीत शहर लवकर झोपतं

नागपूर म्हटलं की सगळ्यांना मे महिन्यातलं ऊनच आठवतं. पण २९ डिसेंबर २०१८ ला याच शहरात किमान तापमान ३.५ अंशांवर उतरलं होतं. एरवीही डिसेंबरात दुपारी पारा २८ च्या आसपास असतो आणि पहाटे १२-१३ वर येतो, थंडीची लाट आली की त्याहून खाली. समुद्र लांब, हवा कोरडी, आकाश निरभ्र. दिवसा तापलेली जमीन रात्री झपाट्यानं थंड होते. दुपारी बर्डीत फिरताना घाम येतो, म्हणून स्वेटर बॅगेच्या तळाशी जातो, नाहीतर घरीच राहतो. रात्री दहाला ऑटोत बसलं की मग कळतं.

पण हिवाळ्याचा खरा धोका नुसता पाऱ्यात नाही. उन्हाळ्यात रात्री अकरालाही माणसं रस्त्यावर असतात, कुणी अंगणात खाट टाकलेली असते, कुणी शतपावली करत असतं. डिसेंबरात तीच गल्ली नऊ वाजताच सामसूम होते. शटर पडतात, खिडक्या बंद होतात, टपऱ्या आवरल्या जातात. हाक मारली तर ऐकायलाच कुणी नसतं. मे महिन्यात रात्री जो रस्ता ओळखीचा होता, तो जानेवारीत तितकाच सुरक्षित असेल असं धरून चालू नका.

त्यात धुक्याची भर. धुकं पडतं उत्तरेत, पण दिल्लीहून दक्षिणेकडं जाणाऱ्या कितीतरी गाड्या नागपूरवरून जातात. तिकडं गाडी रखडली की इकडं तुमची संध्याकाळी आठची वेळ रात्री एकवर जाते. म्हणून हिवाळ्यात उत्तरेकडून येणार असाल तर वेळापत्रकातली वेळ खरी धरू नका. "गाडी पाच तास लेट झाली तर मी काय करणार?" याचं उत्तर तयार ठेवूनच तिकीट काढा.

उतरल्यावर

मध्यरात्री नागपूर स्टेशनवर उतरलात आणि जायची जागा पक्की नसेल, तर बाहेर पडायची घाई करू नका. उजाडेपर्यंत स्टेशनच बरं. तिकीट असेल तर वेटिंग रूममध्ये बसता येतं. रिटायरिंग रूम आणि डॉर्मिटरी पीएनआरवर आधी ऑनलाइन बुक करता येते, पण ही गोष्ट आपल्यातल्या निम्म्या जणांच्या गावीही नसते. बसायचं ते माणसं, दिवे आणि रेल्वे पोलीस असतील तिथं. प्लॅटफॉर्मचं शांत टोक झोपायला छान वाटतं, चोरालाही तेच टोक आवडतं.

स्टेशनला दोन तोंडं आहेत. पश्चिमेचं मुख्य दार बर्डी-सदरकडं, पूर्वेचं संत्रा मार्केटकडं. तुमचा लॉज किंवा नातेवाइकाचं घर कोणत्या बाजूला पडतं ते आधीच विचारून ठेवा. चुकीच्या दारानं बाहेर पडून, मोबाइलमधल्या नकाशावर विसंबून अंधारातला शॉर्टकट मारणं हा त्या रात्रीतला सगळ्यात वाईट निर्णय ठरू शकतो. मेट्रो रात्री दहाच्या सुमारास थांबते, त्यामुळे उशिरा पोचणाऱ्यानं तिच्या भरवशावर राहू नये. ऑटो किंवा कॅब केलीत तर बसण्याआधी नंबर प्लेटचा फोटो घरी पाठवा. चालकाला दिसेल असा पाठवा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि मोबाइलची बॅटरी रील पाहण्यात संपवू नका. त्या रात्री बॅटरी म्हणजे तुमचा टॉर्च, नकाशा आणि आवाज आहे.

अनोळखी माणसानं दिलेलं बिस्कीट किंवा चहा नको म्हणा, हे आईचं वाक्य जुनं असलं तरी खोटं नाही. पण म्हणून प्रत्येक अनोळखी माणसाला भ्यायचंही कारण नाही. स्टेशनबाहेर शेकोटीभोवती बसलेले हमाल, ऑटोवाले, चहावाले रात्रभर तिथंच असतात. कुणी मागं लागलंय असं वाटलं तर रिकाम्या रस्त्याकडं पळण्यापेक्षा त्या उजेडात जाऊन उभं राहणं केव्हाही शहाणपणाचं.

अडचण आलीच तर ११२ हा एक नंबर पुरतो. गाडीत किंवा स्टेशनवर असाल तर १३९. डिसेंबर २०१९ मध्ये नागपूर पोलिसांनी रात्री ९ ते पहाटे ५ या वेळात अडकलेल्या महिलांना घरी सोडण्याची मोफत सोय जाहीर केली होती. मुलींनो, रात्री अडकलात तर फोन करून स्पष्ट विचारा, "मला सोडायला गाडी मिळेल का?" विचारण्यात कमीपणा कसला? चोरी झाली आणि "आमच्या हद्दीत येत नाही" असं कुणी सांगितलं, तर शांतपणे 'झिरो एफआयआर' म्हणा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात ती तरतूद आहे. गुन्हा कुठंही घडलेला असो, तक्रार कोणत्याही ठाण्यात देता येते.

दार लावलं म्हणजे झालं नाही

खोली मिळाली की आपण निर्धास्त होतो. पण हिवाळ्यात एक धोका बंद दाराच्या आतच असतो. थंडी वाजते म्हणून खोलीत कोळशाची शेगडी पेटवून, खिडक्या लावून झोपणं जिवावर बेतू शकतं. तसाच धोका बंद बाथरूममधल्या गॅस गिझरचा. जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट तरी घट्ट चिकटतो. माणसाला आधी डोकं जड वाटतं, झोप आल्यासारखं होतं आणि मग उठताच येत नाही. म्हणून शेगडी खोलीबाहेर आणि गिझर लावलेल्या बाथरूमची खिडकी उघडी. थंडी वाजली तरी चालेल.

आणखी एक गैरसमज. थर्टी फर्स्टला फुटाळ्याकडं बाइकवरून निघालेल्या कुणीतरी तुम्हाला सांगेल, "दोन घोट घे, गरम वाटेल." वाटेल खरं. दारूनं कातडीजवळच्या रक्तवाहिन्या पसरतात, आतली ऊब बाहेर येते, म्हणून गरम वाटतं. प्रत्यक्षात शरीर आणखी लवकर थंड होत असतं. वर गाडी चालवणाऱ्याचा तोल गेलेला असतो तो वेगळाच.

रात्रीचाही खर्च धरा

"हे सगळं ठीक आहे, पण पैसे?" बरोबर आहे. इथंच गाडी अडते. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की फॉर्म भरतानाच तीन खर्च एकत्र मांडा: फी, प्रवास आणि रात्र. तिसरा आकडा घरी मोकळेपणानं सांगा. एकट्याला लॉज परवडत नसेल तर एकाच सेंटरवरचे चौघे मिळून खोली घ्या. मुलींनो, वर्गातल्या दोघी-तिघींची सेंटरं विचारा, एकीची नागपुरात मावशी निघतेच. समाजाची वसतिगृहं, कॉलेजातल्या सिनिअरची रूम, शिक्षकांची ओळख, आठवडाभर आधी विचारलं तर काहीतरी जमतं. रात्री अकराला विचारलं तर जमत नाही.

डिसेंबर असेल तर आणखी लवकर. १९५३ च्या नागपूर करारामुळं विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपुरात होतं, ते बहुतेक डिसेंबरात. त्या दिवसांत आमदार, अधिकारी, पत्रकार, मोर्चेकरी सगळे इथंच. लॉज भरतात, भाव चढतात, सिव्हिल लाइन्सच्या आसपासचे रस्ते अडवले जातात. तेव्हा "तिथं गेल्यावर पाहू" म्हणणाऱ्याला खरोखर नुसतं पाहतच बसावं लागतं. फोन करून खोली ठरवा. मुलगी एकटी असेल तर खोली देता का, ओळखपत्र कोणतं लागेल, दाराला आतून कडी नीट लागते का, हे तिन्ही प्रश्न फोनवरच विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा लॉज शोधा.

पण सगळा भार तुमच्याच खांद्यावर टाकून मला हा लेख संपवायचा नाही. जी परीक्षा शंभर-दोनशे किलोमीटरवरून पोरांना सकाळी सातला गेटवर बोलावते, तिनं त्यांच्या रात्रीचा विचार करायला नको? परीक्षेच्या आदल्या रात्री सेंटर असलेल्या कॉलेजनं दोन वर्ग उघडे ठेवावेत. एक मुलांना, एक मुलींना. सतरंज्या, चौकीदार, चालू स्थितीतलं स्वच्छतागृह. याला ना मोठं बजेट लागतं ना नवा जीआर. अनोळखी माणसाला मुक्काम द्यायची सवय या शहराला नाही असंही नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, तेव्हा शाळांच्या खोल्या मुक्कामाला उघडतात आणि लोक रस्त्यारस्त्यावर हात जोडून जेवायला वाढतात. त्या नागपूरला परीक्षेला आलेली दोनशे पोरं जड होतील?

नागपुरात राहणाऱ्या तुमच्यासाठी तर काम आणखी सोपं आहे. तुमच्या कॉलेजात सेंटर पडलंय? मग प्राचार्यांकडं जा आणि दोन वर्गांच्या चाव्या मागा. एनएसएसची मुलं सोबत घ्या. तेवढं जमलं नाही तर निदान हॉस्टेलच्या रूमवर एक गादी जास्त टाका आणि गावाकडच्या ग्रुपवर तसं लिहून टाका.

आणि येणाऱ्यांनो, बॅग भरताना हॉलतिकिटाच्या दोन प्रती काढा. एक बॅगेत, एक खिशात. स्वेटर तळाशी नको, वर ठेवा, कानटोपीही. घरच्यांच्या मोबाइलवर लॉजचा पत्ता पाठवा. सकाळी पेपर झाला की बर्डीत तर्री पोहे खा, मग खुशाल शहर फिरा. फक्त उद्या कुणी फोनवर म्हणालं ना, "पाहू बे तिथं गेल्यावर", तर त्याला म्हणा, "नाही. आत्ताच पाहू."